संगीताच्या तासासाठी केलेली कवायत

शाळेच्या सभेत भूगोलाच्या मास्तरानं तोंड उघडायचं काही कारण नसतं. हेडमास्तर बोलतात, इंग्रजीचे सर त्यांच्या चुका मनातल्या मनात दुरुस्त करतात, गणिताचे सर घड्याळ बघतात आणि बाकीच्यांनी चहा येईपर्यंत माना हलवायच्या असतात. अकोटच्या आमच्या हायस्कुलात मी हे काम बरीच वर्षं निष्ठेनं केलं होतं. पण चीनची लढाई होऊन गेली त्याच्या पुढच्या वर्षी, दिवाळीच्या सुटीनंतर शाळा भरली त्या दिवशी, माझी मान हलायच्या ऐवजी तोंड हललं.

त्या वर्षी जो तो काटकसर करत होता. आमच्याकडे खडू मोडून अर्धे वाटायचे. चपराशी घंटेचे टोलसुद्धा कमी देऊ लागला होता. त्यानं सरकारचं काय वाचत होतं ते त्यालाच ठाऊक, पण देशप्रेमाच्या कामात शंका कोण काढणार? तर त्या सभेत हेडमास्तरांनी चष्मा पुसला आणि परिपत्रक वाचलं. काटकसरीच्या धोरणानुसार अनावश्यक विषय बंद करायचे होते. अनावश्यक विषयांत पहिलं नाव संगीताचं होतं. नव्या वर्षापासून संगीतशिक्षिकेचं पद रद्द.

संगीत शिकवायच्या सत्यभामाबाई. त्या खिडकीशी बसल्या होत्या. बाईंबद्दल एवढंच सांगतो, की शाळेतली पोरं हेडमास्तरांना भीत आणि हेडमास्तर बाईंना भीत. ताल चुकला की त्या टेबलावर पट्टी अशी आपटत, की शेजारच्या वर्गात नकाशावर फिरणारा माझा हात ब्रह्मपुत्रेवरून सटकून थेट अरबी समुद्रात जाई. परिपत्रक ऐकून त्या फक्त "बरं" म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

"पण सर!" कुणीतरी म्हणालं. आवाज ओळखीचा वाटला. माझाच होता.

मला सांगायचं होतं ते असं. मी आठवीचा वर्गशिक्षक. आजूबाजूच्या खेड्यांतून पोरी चालत येत. संगीताचा तास असे त्या दिवशी एकही जागा रिकामी नसे आणि नसे त्या दिवशी निम्म्या पोरी कापूस वेचायला. त्या गाण्यासाठी येत आणि आल्यासारखं गणित, भूगोलही सोसून जात. गाणं गेलं की पोरी जाणार, आणि एकदा घरी बसलेली पोरगी परत येत नाही. हे सगळं माझ्या मनात अगदी सुसंगत होतं. तोंडातून बाहेर पडलं ते मात्र, "संगीत बंद झालं तर भूगोलाचं काय होईल?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. हेडमास्तरांनी परिपत्रकाची घडी घातली. "वामनराव, तुमाले एवढी कळकळ हाये तं तुमीच पाहा काय करता येते ते."

आणि तेवढ्यात चहा आला.

घरी बायकोला, शकुनला, सांगितलं. आमच्या घरात माझ्या कर्तबगारीची चर्चा ती भाकरी थापता थापता करते.

"झेपत नाई तं बोलले कशाले?"

"निघून गेलं तोंडातून."

"मंग आता निस्तरा." तिनं भाकरी परातीत फिरवली. "त्या पोरीईले घरी बसवलं नं, तं तुमी मले जेवाले मांगू नका."

शकुनला चौथीतून काढून घरी बसवलं होतं. त्याबद्दल ती कधी बोलत नाही. पण त्या दिवशी भाकरी जरा जोरात थापली जात होती, म्हणून मी जास्त काही विचारलं नाही.

शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष पंजाबराव. काळ्या रानातली भरपूर शेती, भरघोस मिशा आणि शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, कुणाला न हरलेली खिल्लारी जोडी. मी गेलो तेव्हा ते ओसरीवर बसून एका बैलाच्या शिंगाला तेल लावत होते.

"गानं शिकून पोट्ट्या काय करतीन जी?" ते म्हणाले. "गायीले गानं म्हटलं तं दूध जास्त देते काय?"

"पण पंजाबराव, तुमची मैनाही आठवीतच आहे..."

"तिले म्या भूगोल शिकाले पाठवली."

तेवीस मिनिटं भूगोल आणि सतरा मिनिटं हजेरी घेणाऱ्या मास्तराला असं वाक्य आयुष्यात एकदा ऐकायला मिळतं. मी क्षणभर पंजाबरावांच्याच बाजूचा झालो. तेवढ्यात दाराआडून मैनानं जोरजोरात मान हलवली, सांगू नका म्हणून. ही पोरगी सत्यभामाबाईंची सगळ्यात लाडकी, म्हणजे सगळ्यात जास्त बोलणी खाणारी शिष्या आहे, हे तिच्या बापाला माहीतच नव्हतं. मी चहा घेऊन परत आलो.

मग एसटीनं अकोल्याला, जिल्ह्याच्या कचेरीत. आमचा जिल्हा आधी नागपूरच्या राज्यात होता, मग मुंबईच्या राज्यात गेला, मग महाराष्ट्रात आला. माणसं जागच्या जागी राहून एवढा प्रवास फक्त वऱ्हाडात करतात. कागद मात्र अजून वाटेत होते. पहिल्या टेबलावर म्हणाले, हे इथं नाही. दुसऱ्या टेबलावर म्हणाले, हे इथं होतं, पण आता नाही. तिसऱ्या टेबलावरचा गृहस्थ मी दुसऱ्याच कामासाठी आलो आहे असं समजून आपल्या भाच्याच्या मार्कांबद्दल बोलत राहिला. शेवटी कोपऱ्यात शेंगदाणे खात बसलेल्या एका कारकुनाला माझी दया आली.

"बसा सर. काय म्हनता, संगीत? संगीत म्हटलं का कात्री. संरक्षण म्हटलं का कोनी हात लावत नाई." त्यानं टरफलं गोळा केली. "समजून घ्या."

मी समजलो. खरं म्हणजे तिथंच उठून एसटी स्टँडवर जायला हवं होतं. त्याऐवजी मी तिथल्याच बाकावर बसून अर्ज लिहिला, की आमच्या शाळेत 'राष्ट्रसंरक्षणार्थ तालबद्ध संचलन पथक' असून, ते चालवण्यास संगीतशिक्षिकेची नितांत आवश्यकता आहे. 'नितांत' हा शब्द लिहिताना मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

उत्तर इतक्या लवकर आलं, की ते सरकारी आहे यावर हेडमास्तरांचा विश्वास बसेना. जिल्ह्याच्या कचेरीतल्या मोठ्या साहेबांना कल्पना अत्यंत आवडली होती. ते जातीनं पथकाची पाहणी करायला येणार होते. पथकप्रमुख पुरुष शिक्षक असावा, तो गणवेशात असावा आणि पथकाच्या अग्रभागी चालावा.

"प्रमुख म्हून तुमचंच नाव टाकलं," हेडमास्तर म्हणाले. "कल्पना तुमची हाये नं."

मी सत्यभामाबाईंना सांगायला गेलो. त्या तंबोऱ्याची तार लावत होत्या. मी सगळं सांगेपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही.

"माह्यासाठी भांडा म्हून तुमाले कोनी सांगतलं होतं काय?" त्यांनी विचारलं.

"नाही बाई."

"मंग?"

"पोरी शाळा सोडतील, म्हणून..."

बाईंनी तंबोरा भिंतीशी टेकवला. मग म्हणाल्या, "माह्याच्यानं खोटं होनार नाई, सर. पोरी चालतीन तं तालात चालतीन, गातीन तं सुरात गातीन. बाकी तुमची कवायत तुमी पाहा. आन पेटीबिगर माह्या पोरी गानार नाई."

इथून माझ्या प्रतिष्ठेची घसरण सुरू झाली. शिंप्यानं खाकी अर्ध्या चड्डीचं माप घेताना विचारलं, "पोट्ट्यासाठी काय जी?" मी गंभीरपणे स्वतःच्या कमरेकडे बोट दाखवलं. तो बराच वेळ टेप हातात धरून उभा राहिला.

कवायत शिकवायला शेजारचे डोमाजी पुढे आले. डोमाजी पोलिसांतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून कुणाला तरी हुकूम सोडायची संधी शोधत होते. रोज सकाळी आमच्या गल्लीत माझी परेड सुरू झाली. शेजारणी तांदूळ निवडायला मुद्दाम ओट्यावर येऊन बसत.

"डावा! डावा!" डोमाजी ओरडत. "अरे बाप्पा, डावा म्हंजे हा नाई, तो!"

"डावाच टाकला मी."

"टाकला, पन आवाज उजव्याचा आला!"

माझा पाय आणि ताल यांची कधी गाठच पडेना. ताल येऊन जायचा, मग पाय यायचा. डोमाजींनी तोंडानं ढोल वाजवून पाहिला, काठीनं वाजवून पाहिला, शेवटी समोरच्या दुर्गाबाईंनी निवडायचं सूप खाली ठेवून ते वाजवून पाहिलं. ओट्यावरून सल्ले येऊ लागले. एकीचं म्हणणं पडलं, की सरांच्या एका पायातला वात काढायला हवा. दुसरीनं मालिशवाल्याचा पत्ता दिला. शकुन दारात उभी राहून पदर तोंडाला लावून बघत होती. तिला खोकला झाला असावा असं मी धरून चाललो.

आता पेटीचा प्रश्न. पेटी वाजवत चालता येत नाही. सत्यभामाबाईंनी स्पष्ट सांगितलं, की पेटी गळ्यात बांधून फिरायला त्या काही मेळ्यातल्या नव्हेत. डोमाजींनी तोडगा काढला. बाईंना पेटीसकट रेंगीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, बसवायचं आणि रेंगी पथकाच्या मधून चालवायची. तोफा नाहीत का गाड्यावर असत?

रेंगीला बैल पंजाबरावांनी दिले. संगीत म्हटल्यावर हाकलून देणारा माणूस संरक्षण म्हटल्यावर एकदम उभा राहिला. "माही पटाची जोडी घेऊन जा! चीनले दाखवू!" ते म्हणाले. कारकून खरंच शहाणा होता. आणि ठेका धरायला देवमन आला. देवमनचा लग्नाचा बँड साऱ्या तालुक्यात प्रसिद्ध होता. त्याच्या मोठ्या ढोलाचा दणका बसला की नवरदेवाचं घोडं आपोआप एक पाऊल मागं जाई.

आता जोडी शर्यतीची आहे, ढोल लग्नाचा आहे आणि शंकरपटात बैल सुटताना ढोलच वाजतो, या तीन गोष्टी आमच्यापैकी कुणाच्या तरी एकत्र लक्षात यायला हव्या होत्या. भूगोलाचा मास्तर, निवृत्त हवालदार आणि शाळेचं मंडळ, एवढी माणसं होती. कुणाच्याच आल्या नाहीत.

साहेब पुण्याकडचे. पांढरा कोट, हातात रुमाल, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'नाही का?'. मैदानात मांडव घातला होता. साहेब खुर्चीवर, शेजारी हेडमास्तर. पंजाबराव मात्र नव्हते. कापसाच्या गाड्या बाजारात गेल्या होत्या आणि हर्रास, म्हणजे लिलाव, चुकवून कवायत बघणारा शेतकरी अजून जन्माला यायचा होता.

मी अर्ध्या चड्डीत सगळ्यांच्या पुढे. मागं पोरींच्या रांगा, मधे रेंगी, रेंगीत पेटी पुढ्यात घेऊन ताठ बसलेल्या सत्यभामाबाई. त्यांच्या मागं देवमन ढोल घेऊन. मी छाती पुढे काढली आणि डोमाजींनी शिकवल्याप्रमाणे पोटातून ओरडलो, "पथक, आगे बढ!"

देवमननं ढोलावर दणका दिला.

बैलांनी माना वर केल्या. त्यांना वाटलं, पट सुरू झाला.

पुढचं मी पाहिलं ते जमिनीवरून. रेंगी माझ्या कानाजवळून गेली. मैदानाचं कुंपण होतं ते नंतर नव्हतं. धुळीत मला बाई दिसल्या. एका हातानं पेटी धरलेली, दुसऱ्या हातानं रेंगीचा दांडा. गाडीवान केव्हाच खाली पडून "माहे बैल! माहे बैल!" म्हणत होता. बाई मात्र ओरडल्या नाहीत. पुढे कधीतरी मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "कोनत्या सुरात ओरडू, ते ठरेपर्यंत बाजार आला."

पथक रेंगीच्या मागं धावलं. पोरी पुढे, मग देवमन ढोलासकट, मग एका बुटात मी. दुसरा बूट मैदानात राहिला होता. धावता धावता मागं पाहिलं तर हेडमास्तर सायकल मारत होते आणि मागच्या कॅरिअरवर पांढऱ्या कोटातले साहेब दोन्ही पाय वर धरून बसले होते.

बैल कापसाच्या बाजारात शिरले. गाड्यांच्या रांगा, माणसं, धूळ, उडणारा कापूस. लोक बाजूला उड्या मारत होते. पण जिनिंगच्या भिंतीशी सरकीचा ढीग होता. सरकी दिसताच बैलांनी शर्यत तिथंच जिंकली असं ठरवलं, थांबले आणि ढिगात तोंड घालून खाऊ लागले.

आम्ही पोचलो तेव्हा बाईंच्या केसांत, पेटीवर, खांद्यावर सगळीकडे कापूस होता. मला वाटलं आता त्या उतरतील आणि पट्टी घेऊन माझ्याकडे येतील. त्यांनी फक्त पेटीवरचा कापूस फुंकून टाकला. एक स्वर दाबून पाहिला. वाजला.

"बाई, लागलं काय हो?" पोरी धापा टाकत विचारत होत्या.

"मले काई झालं नाई. तासाचा टाइम झाला." बाईंनी भाता ओढला. "धापा मंग टाका. आंदी सा लावा."

आणि त्या गर्दीत, सरकीच्या ढिगाशी, पोरींनी सा लावला. आधी थरथरता, मग सरळ. मग त्यांनी एक गाणं म्हटलं. बाईंनीच बांधलेलं, कापूस वेचणाऱ्या बायांचं. सकाळी दव पडलेल्या वावरात ओटीत कापूस भरत जायचं आणि बोंडाच्या काट्यानं बोटं रक्ताळली तरी थांबायचं नाही, असं काहीसं. मला गाण्यातलं कळत नाही. पण गाड्यांपाशी बसलेल्या मजुरणी हळूहळू उठून जवळ आल्या, एवढं मला दिसत होतं. मग बाकीच्या पोरी थांबल्या आणि एकटी मैना गाऊ लागली.

हर्रास थांबला. पलीकडे पंजाबराव आपल्या गाडीशी उभे होते. समोरचा व्यापारी कापसाची मूठ हातात घेऊन म्हणाला, "माल जरा ओला वाटते, पंजाबराव..."

"चूप बस नं बे!" पंजाबराव म्हणाले. "पोट्टी गाऊन राह्यली, दिसत नाई?"

गाणं संपलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाजारात तशी पद्धत नाही. एका म्हातारीनं मैनाच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, आणि मग सगळे एकदम बोलू लागले.

पंजाबराव सरळ साहेबांकडे गेले. साहेब नुकतेच कॅरिअरवरून उतरून कोट झटकत होते.

"सायेब, हे बंद नाई होनार."

"हे पाहा, परिपत्रक स्पष्ट आहे. संगीत हा अनावश्यक..."

"काहून अनावश्यक? कोन म्हनते? कोन लिह्यलं ते?"

"माझ्या हातात नाही हो. मी तर स्वतः..." साहेब अडखळले. गाणं सुरू असताना त्यांनी रुमाल चेहऱ्यावर धरला होता. धुळीनं असेल. "संगीत म्हणून मला काहीही लिहिता येणार नाही. कवायतीबद्दल मात्र लिहिता येईल, नाही का?"

एवढं म्हटल्यावर त्यांची नजर माझ्यावर आली. एक बूट, धुळीनं भरलेली अर्धी चड्डी, गुडघ्यावर खरचटलेलं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"हे पथकप्रमुख ना? पडण्यापूर्वी मी यांची दोन-तीन पावलं पाहिली. यांना ताल मुळीच नाही."

"नाई, बिलकूल नाई!" हेडमास्तर म्हणाले.

"मी तं आंदीपासून सांगून राह्यलो," डोमाजी गर्दीतून पुढे येत म्हणाले. ते केव्हा पोचले देव जाणे.

"जन्मापासून नाई त्याईले," असंही कुणीतरी म्हणालं. हा आवाज माझ्या घरातला होता. शकुनही धावत आली होती.

साहेबांचा चेहरा उजळला. "मग यांना तालाचं शिक्षण देणं राष्ट्रसंरक्षणाच्या दृष्टीनं आवश्यक आहे. त्यासाठी जाणकार शिक्षिका शाळेत हवी. पथकप्रमुखास ताल येईपर्यंत पद चालू ठेवावं, असा शेरा मी मारतो. कसं?"

माणसाच्या व्यंगावर एवढ्या एकमतानं आनंद झालेला मी पुन्हा पाहिला नाही. पंजाबरावांनी माझी पाठ थोपटली. सत्यभामाबाई रेंगीतून उतरल्या, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उद्यापासून पाचवीच्या पोरीईत बसा. मंधातल्या सुटीत." आभार वगैरे बाईंच्या स्वभावात नव्हते. पण माझा हरवलेला बूट आणायला त्यांनी दोन पोरी पिटाळल्या.

तेव्हापासून मी पाचवीच्या पोरींबरोबर सतरंजीवर मांडी घालून टाळ्या वाजवू लागलो. धा, धिं, धिं, धा. माझी टाळी पडली की पोरी ओठ दाबून हसत आणि बाई पट्टी आपटत. दरवर्षी कुणीतरी साहेब येई, मैदानात माझी परेड होई, 'पथकप्रमुखास अद्याप ताल नाही' असा शेरा पडे आणि संगीताचा तास आणखी एक वर्ष चाले. आठवीत पोरींच्या जागा भरलेल्या असत. ताल चुकवायला मला काही खास प्रयत्न करावे लागत नसत. शकुन म्हणे, "तुमाले जे येत नाई, त्याच्यावरच एवढी शाळा चालून राह्यली."

आणि मग एका वर्षी काय झालं, सांगतो. मैना तोपर्यंत मॅट्रिक होऊन अमरावतीला पुढं शिकायला गेली होती. नवे साहेब मांडवात बसलेले. मी पुढे, पोरी मागं गात होत्या, देवमनचा ढोल आता बैलांपासून बराच लांब. मी चालू लागलो, आणि एकाएकी माझा डावा पाय बरोबर समेवर पडला. मग उजवा. मग पुन्हा डावा. पोरींचं गाणं आणि माझे पाय एकाच ठिकाणी येऊन पोचत होते. हे ते होतं तर! म्हणून त्या पोरी दोन कोस चालत येतात! मला ओरडून कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

बाजूला सत्यभामाबाई पेटीवर बसल्या होत्या. माझे पाय बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. बोटं न थांबवता त्या हळूच म्हणाल्या, "सर! तुमी बरोबर चालून राह्यले!"

मांडवात साहेबांनी लेखणी उचलली होती.

मी आणखी दोन पावलं तालात टाकली. तेवढी मला घेऊ द्या, असं मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी ती घेऊ दिली. मग मी पाय बदलला.